घटस्फोटानंतर आयुर्विम्याचा हक्क कसा टिकवायचा: पोटगीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी

घटस्फोटाच्या वाटाघाटीत फ्लॅट, दागिने, मुलांचा ताबा यांवर महिनोन्‌महिने घासाघीस होते. विम्याचा विषय मात्र शेवटच्या पानावर एका ओळीत उरकतात: ‘पक्षकार क्र. १ यांच्या विमा पॉलिसीवर पक्षकार क्र. २ यांचा हक्क राहील.’ ओळ वाचायला बरी वाटते. पण ज्या विमा कंपनीने पैसे द्यायचे तिच्यापर्यंत ती पोहोचलेलीच नसते. माणूस गेला की कंपनी स्वतःचं दप्तर उघडते आणि तिथे ज्याचं नाव आहे त्याला पैसे देते. तुमची डिक्री, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा, तुमच्या कपाटात राहते.

मी या सगळ्यातून गेले आहे. पुढे लिहिलेलं त्यांच्यासाठी आहे ज्यांचा किंवा ज्यांच्या मुलांचा खर्च माजी जोडीदाराच्या कमाईवर चालणार आहे. सोयीसाठी पोटगी देणारा नवरा आणि घेणारी बायको असं धरून लिहिते. उलट असेल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात, जिथे फरक पडतो तिथे सांगेन. एकरकमी पोटगी पूर्ण हातात पडत असेल तर यातलं फारसं काही करायची गरज नाही. दरमहाची पोटगी किंवा हप्त्याहप्त्याने मिळणारी रक्कम असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा. वकील लागेलच, पण त्यांना काय विचारायचं हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

१. कंपनीच्या दप्तरात तुम्ही नेमके कोण आहात ते पाहा

घटस्फोट झाला म्हणून पॉलिसीवरचं नॉमिनीचं नाव आपोआप निघत नाही. याचा अर्थ तुमचं नाव सुरक्षित आहे असाही नाही. पॉलिसीधारक कधीही, तुम्हाला न विचारता, एका फॉर्मवर ते बदलू शकतो. विमा कायदा १९३८ चं कलम ३९ त्याला तो अधिकार देतं. मृत्युपत्रातूनही बदल करता येतो, फक्त कंपनीला लेखी सूचना मिळेपर्यंत ती जुन्या नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होऊ शकते.

आता नॉमिनीचा हक्क किती पक्का? १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी प्रकरणात सांगितलं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, खरे मालक वारस असतात. २०१५ च्या दुरुस्तीने यात बदल केला. आईवडील, जोडीदार किंवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर ते स्वतःच रकमेचे लाभार्थी ठरतात. पण यातली मेख अशी की तुम्हाला हा लाभ ‘जोडीदार’ म्हणून मिळतो, आणि घटस्फोटानंतर तुम्ही त्या नात्यात उरत नाही. सासूबाई किंवा दुसरी बायको न्यायालयात गेली तर त्यांचा वकील पहिलं बोट इथेच ठेवणार. मुलांना ही अडचण नाही. आईबापांचा काडीमोड झाला तरी मुलं मुलंच राहतात.

म्हणून ‘नॉमिनी तर मीच आहे’ या एका गोष्टीवर विसंबू नका.

२. सगळ्या पॉलिसी शोधून काढा

‘माझी एकच पॉलिसी आहे’ हे वाक्य बहुतेकींनी ऐकलेलं असतं. शोध घ्यायच्या जागा अशा:

- बँकेच्या खात्यावरून दरवर्षी किंवा दरमहा कापले जाणारे हप्ते
- पगाराची स्लिप (पगारातून कापला जाणारा एलआयसीचा हप्ता तिथे दिसतो)
- फॉर्म १६ आणि आयकर विवरणातली ८०सी खालची वजावट
- गृहकर्जाची फाइल, कारण कर्जासोबत विमा गळ्यात मारलेला असतो
- एजंट. घरचा एजंट असेल तर त्याला सगळं तोंडपाठ असतं, बोलेल की नाही ही गोष्ट वेगळी

पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. रजनीश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते देशभर बंधनकारक केलं. समोरच्याच्या प्रतिज्ञापत्रात विम्याचे तपशील नसतील किंवा बँकेच्या उताऱ्याशी जुळत नसतील, तर वकिलामार्फत कागद हजर करण्याचा अर्ज द्या.

प्रत्येक पॉलिसीसाठी एवढं लिहून घ्या: कंपनी, पॉलिसी क्रमांक, कोणाच्या आयुष्यावर आहे, मालक कोण, विमा रक्कम, मुदत, हप्ता आणि त्याची तारीख, नॉमिनी, पॉलिसीवर कर्ज आहे का. कर्जाचा रकाना विसरू नका. पॉलिसी तारण ठेवली असेल तर दाव्याच्या रकमेतून आधी ते कर्ज वळतं होतं.

नोकरीच्या ठिकाणचा समूह विमा यादीत लिहा, पण हिशोबात धरू नका. नोकरी सुटली की तो संपतो, आणि सुटल्याचं तुम्हाला कोणी कळवत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचे नामनिर्देशनाचे नियम निराळे आहेत, विम्याचे नियम तिथे लावू नका.

मुलांच्या नावाच्या पॉलिसीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. विमा मुलाच्या आयुष्यावर असला तरी मूल ठरावीक वयाचं होईपर्यंत पॉलिसी प्रस्तावकाच्या, म्हणजे बहुधा वडिलांच्या, हातात असते. तो ती सरेंडर करून, म्हणजे मुदतीआधी मोडून, पैसे घेऊ शकतो. ‘मुलीच्या नावाची आहे ना’ म्हणून स्वस्थ बसू नका.

३. किती रकमेचं कवच हवं ते ठरवा

समजा महिना २५,००० रुपये पोटगी ठरली आहे आणि आठ वर्षांच्या मुलाला ती एकविसाव्या वर्षापर्यंत मिळायची आहे. वर्षाचे ३ लाख, तेरा वर्षांचे ३९ लाख. एवढं कवच आजच्या तारखेला हवं. दरवर्षी देणं कमी होत जातं, त्यामुळे समोरचा ‘एवढ्या रकमेचा विमा कशाला’ म्हणाला तर घटत जाणारी रक्कम मान्य करायला हरकत नाही. शिक्षणाचा मोठा खर्च वेगळा ठरला असेल तर तो वर मिळवा.

जुन्या बचतीच्या पॉलिसींची विमा रक्कम सहसा दोन-पाच लाख असते. त्या तीन-चार पॉलिसींवरून भांडण्यापेक्षा एक नवी टर्म पॉलिसी (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारी) मागून घेणं शहाणपणाचं. टर्म पॉलिसीला सरेंडर करून हाती लागेल असं फारसं काही नसतं, त्यामुळे ती मोडून पैसे काढायचा मोहही होत नाही.

४. तीनपैकी एक मार्ग निवडा

*पहिला: एमडब्ल्यूपी (मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी) पॉलिसी.* विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्यातलं कलम ६ सांगतं की विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर, बायको-मुलांच्या लाभासाठी असं पॉलिसीवर नमूद करून विमा घेतला, तर तो विश्वस्त निधी होतो. त्यावर नवऱ्याचं नियंत्रण राहत नाही, त्याच्या सावकारांना हात लावता येत नाही आणि तो त्याच्या वारसाहक्काच्या मालमत्तेतही धरला जात नाही. लाभार्थी मागाहून बदलता येत नाहीत. माझ्या मते याच्याइतकं भक्कम दुसरं काही नाही.

अटी तीन. एक, हे पॉलिसी घेतानाच करायचं असतं, चालू पॉलिसीला नंतर जोडता येत नाही. दोन, बायकोसाठी घ्यायची तर लग्न कायम असतानाच घ्यावी लागते, म्हणजे डिक्रीआधी. तीन, हे फक्त पुरुषाला करता येतं, कमावती बायको नवऱ्यासाठी अशी पॉलिसी घेऊ शकत नाही. तिच्याकडून कवच हवं असेल तर दुसरा मार्ग.

प्रस्तावात ‘पत्नी’ एवढंच न लिहिता तुमचं आणि मुलांचं पूर्ण नाव, प्रत्येकाचा हिस्सा असं लिहून घ्या. नुसतं ‘पत्नी’ राहिलं तर उद्या कोणती पत्नी यावर वाद घालायला जागा उरते. विश्वस्त म्हणून तुमच्या विश्वासातलं माणूस किंवा स्वतः तुम्ही. विश्वस्त नेमलाच नाही तर रक्कम राज्याच्या सरकारी विश्वस्ताकडे जाते आणि तिथून ती सोडवण्याचा व्याप मागे लागतो.

*दुसरा: असाइनमेंट.* विमा कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे पॉलिसी तुमच्या नावे करून द्यायची. पॉलिसीच्या पाठीवर किंवा वेगळ्या कागदावर लिहून, किमान एका साक्षीदाराच्या सहीने. त्यात कारण लिहावं लागतं, ‘न्यायालयाच्या आदेशानुसार पोटगीच्या हमीसाठी’ असं स्पष्ट लिहा. पूर्ण असाइनमेंट झाली की मालक तुम्ही. नॉमिनी बदलणं, सरेंडर, कर्ज यातलं काहीच मग तो करू शकत नाही, आणि कंपनीची पत्रंही तुमच्या पत्त्यावर येतात. आधीचं नॉमिनेशन आपोआप रद्द होतं, त्यामुळे तिथे कोणाचं नाव होतं याची चिंता उरत नाही.

सशर्त असाइनमेंटही करता येते: तुम्ही त्याच्या आधी गेलात किंवा मुदत पूर्ण झाली तर पॉलिसी परत त्याच्याकडे. बचतीच्या पॉलिसीत मॅच्युरिटीचे पैसे तुमच्याकडे जाऊ नयेत म्हणून तो पूर्ण असाइनमेंटला नकार देईल, आणि ते समजण्यासारखं आहे. टर्म पॉलिसीत मॅच्युरिटीला काहीच मिळत नाही, म्हणजे त्याचं जिवंतपणी काही जात नाही. वाटाघाटीत हा मुद्दा नक्की वापरा, बरेच अडलेले नवरे इथे मऊ होतात.

*तिसरा: नॉमिनेशन आणि न्यायालयाचा आदेश.* सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत कच्चा. पहिले दोन जमत नसतील तरच. अशा वेळी स्वतःपेक्षा मुलांना नॉमिनी करून घेणं जास्त पक्कं, कारण वर सांगितलं ते. मूल अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या व्यक्तीचं नाव द्यावं लागतं, त्याला अपॉइंटी म्हणतात. जुन्या पॉलिसींत तिथे सर्रास मुलाच्या काकाचं नाव असतं. मुलाचा ताबा तुमच्याकडे असला तरी चेक काकाच्या हातात जातो. हे नाव बदलून घ्या.

५. संमतिपत्रात नेमकी भाषा लिहा

‘हक्क राहील’ अशी गोलमोल भाषा नको. मसुदा साधारण असा असावा, वकिलांकडून तुमच्या प्रकरणाला बसवून घ्या:

> पक्षकार क्र. १ यांनी स्वतःच्या आयुष्यावरील पॉलिसी क्र. ____ (कंपनी ____, विमा रक्कम रु. ____) पोटगीची जबाबदारी संपेपर्यंत चालू ठेवावी व हप्ते मुदतीत भरावेत. पक्षकार क्र. २ यांच्या लेखी संमतीशिवाय नॉमिनी बदलू नये, पॉलिसी सरेंडर करू नये, तीवर कर्ज घेऊ नये अथवा ती अन्य कोणाच्या नावे करू नये. प्रत्येक हप्त्याची पावती १५ दिवसांत पक्षकार क्र. २ यांना द्यावी. हप्ता थकल्यास पक्षकार क्र. २ यांना तो भरण्याचा व पक्षकार क्र. १ यांच्याकडून वसूल करण्याचा अधिकार राहील. या अटीचा भंग झाल्यास विमा रकमेइतकी रक्कम पक्षकार क्र. १ यांच्या मिळकतीतून वसूल करता येईल.

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. त्याने गुपचूप पॉलिसी मोडली आणि नंतर तो वारला, तर तुम्हाला त्याच्या मिळकतीवर बोट ठेवता यायला हवं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली न्यायालय कायम पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवरही ठेवू शकतं. घर किंवा जमीन असेल तर विम्यासोबत हेही मागा.

प्रकरण संमतीचं नसेल, लढतीचं असेल, तर अंतिम निकालाची वाट पाहू नका. पॉलिसी सरेंडर करण्यास आणि नॉमिनी बदलण्यास मनाई करणारा अंतरिम हुकूम मागा.

६. दुसऱ्या मोशनच्या आधी कंपनीची पोच हातात घ्या

संमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमध्ये, म्हणजे दोघांनी मिळून न्यायालयापुढे करायच्या दोन अर्जांमध्ये, किमान सहा महिने असतात. विम्याची कामं उरकायची हीच वेळ. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर हे सहा महिने माफही होऊ शकतात. तसा अर्ज करणार असाल तर विम्याचं काम त्याआधीच पुरं करा. डिक्री झाल्यावर समोरच्याला शाखेत चकरा मारायची काही घाई उरत नाही. शिवाय नंतर त्याच्या आयुष्यावर तुम्ही नवी पॉलिसी काढायची म्हटलं तर विमाहिताचा, म्हणजे त्या माणसाच्या जगण्यात तुमचा आर्थिक हितसंबंध आहे का याचा, प्रश्न येतो. ते विमा घेताना असावं लागतं, आणि परक्या माणसाच्या आयुष्यावर कंपनी सहजासहजी विमा देत नाही.

शाखेत जाताना सोबत:

- मूळ पॉलिसी बॉण्ड (पॉलिसी ई-विमा खात्यात असेल तर त्या खात्याचा तपशील)
- असाइनमेंटचा किंवा नॉमिनी बदलाचा फॉर्म, दोघांच्या सह्या आणि साक्षीदार
- दोघांची ओळखपत्रं, पॅन, तुमच्या खात्याचा रद्द केलेला चेक
- संमतिपत्राची, आणि डिक्री झाल्यावर डिक्रीची, प्रमाणित प्रत
- कंपनीच्या नावे एक साधं पत्र, दोन प्रतींत

या पत्रात न्यायालयाच्या अटी शब्दशः उतरवा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. काउंटरवरचा माणूस ‘कोर्टाचं आमच्याकडे चालत नाही’ म्हणू शकतो. मला म्हणाला होता. वाद न घालता ‘आवक-जावकला घ्या आणि नंबर द्या’ एवढंच म्हणायचं, किंवा सरळ स्पीड पोस्टाने पाठवायचं. असाइनमेंटची सूचना ज्या तारखेला कंपनीकडे पोहोचते त्या तारखेवरून हक्कांचा क्रम लागतो, म्हणून शिक्क्यावरची तारीख नीट वाचता येते ना ते तिथेच पाहा.

फॉर्म दिला म्हणजे नोंद झाली असं नव्हे. नोंद केल्याची लेखी पोच कंपनीने द्यायची असते, असा कायदाच आहे. असाइनमेंट नाकारायची असेल तर कारणासह ३० दिवसांत कळवावं लागतं. पोच आली की नाव, हिस्सा, पॉलिसी क्रमांक एकेक अक्षर तपासा. लग्नाआधीचं नाव पुन्हा लावणार असाल तर आधार, पॅन आणि पॉलिसी या तिन्हींत एकच नाव असू द्या. दाव्याच्या वेळी सगळ्यांत जास्त फेऱ्या नावातल्या फरकापायी होतात.

७. हप्त्यावर लक्ष ठेवा

बंद पडलेली पॉलिसी म्हणजे कोरा कागद. मासिक हप्ता असेल तर सवलतीचे १५ दिवस, तिमाही, सहामाही वा वार्षिक असेल तर ३० दिवस. या काळात मृत्यू झाला तरी दावा मिळतो, थकलेला हप्ता कापून. त्यानंतर मात्र टर्म पॉलिसीचं कवच संपतं. पुन्हा सुरू करता येते, पण त्याला बहुधा विमाधारकाची सही आणि आरोग्याचं निवेदन लागतं, कधी तपासण्याही. माजी नवऱ्याला तपासणीसाठी कोण आणि कसं नेणार?

त्यामुळे वार्षिक हप्ताच ठरवून घ्या आणि त्याच्या तारखेआधी आठवडाभराची आठवण मोबाइलवर लावा. पावती आली नाही तर एक मेसेज, मग वकिलाची नोटीस, आणि सवलतीचे दिवस संपण्याआधी स्वतः हप्ता भरून टाका. नंतर वसूल करा. तत्त्वाचा प्रश्न करून ‘त्यानेच भरला पाहिजे’ म्हणत बसलात तर नुकसान तुमचंच. पोटगी थोडी वाढवून घेऊन हप्ता पहिल्यापासून आपणच भरायचा, ही मला सगळ्यांत बिनत्रासाची व्यवस्था वाटते.

अट मोडल्याचं कळलं तर त्याच कौटुंबिक न्यायालयात अंमलबजावणीची दरखास्त टाका.

८. मृत्यूनंतर दावा

बातमी कळली की त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, ईमेलही चालेल. मग मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, असाइनमेंट किंवा नॉमिनेशनची पोच, दाव्याचा फॉर्म, बँकेचे तपशील, ओळखपत्र. मूळ पॉलिसी सासरी अडकली असेल तर कंपनी नुकसानभरपाईच्या हमीपत्रावर काम पुढे नेऊ शकते, शाखेत तसं विचारा. पॉलिसीला तीन वर्षं झाली नसतील तर चौकशी होईल. रुग्णालयाचे कागद मागतील, ते सासरच्यांकडेच असतील, तेव्हा शक्य तितके संबंध बोलण्यापुरते तरी ठेवलेले उपयोगी पडतात.

डिक्रीत तुमचा हक्क आहे पण कंपनीकडे नॉमिनी दुसरंच कोणी आहे, असं निघालं तर एक दिवसही दवडू नका. प्रमाणित डिक्रीसह लेखी हरकत नोंदवा आणि न्यायालयातून रक्कम देण्यास स्थगिती आणा. कंपनीने दप्तरातल्या नॉमिनीला पैसे दिले की तिची जबाबदारी बहुतेक संपते, आणि मग ते पैसे एखाद्या माणसाच्या खात्यातून काढायची लढाई उरते.

कंपनी विनाकारण अडवत असेल तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर (टोल फ्री १५५२५५), मग विमा लोकपालाकडे. लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे. मात्र दोन दावेदारांमधला खरा वारस कोण, हे लोकपाल ठरवत नाही, ते काम दिवाणी न्यायालयाचं.

९. हे वाचणारा पोटगी देणारा असेल तर

तुमच्या बाजूनेही दोन ओळी मागून घ्या. पोटगीची जबाबदारी संपली (मूल ठरलेल्या वयाचं झालं, पोटगी घेणाऱ्याने पुनर्विवाह केला आणि न्यायालयाने पोटगी रद्द केली) की ३० दिवसांत पॉलिसी तुमच्या नावे परत करून द्यावी, ही एक. आणि घटत्या देण्यापेक्षा विमा रक्कम जास्त असेल तर जादा भाग कोणाचा, ही दुसरी. परत असाइनमेंटचा फॉर्म तिच्या सहीने, साक्षीदारासह, त्याच शाखेत द्यायचा आणि त्याचीही पोच घ्यायची. पूर्ण असाइनमेंटच्या वेळी रद्द झालेलं जुनं नॉमिनेशन आता पुन्हा लागू झालं असेल असं धरून चालू नका, पॉलिसी परत नावावर येईल त्याच दिवशी नॉमिनीचा नवा फॉर्म भरा.